इंजिन मिळाले तरी दार उघडावे लागते

कन्सोल म्हणजे व्हिडिओ गेम खेळण्याचे खास यंत्र. ते बनवणाऱ्या कंपन्यांनी इंजिन, म्हणजे खेळ तयार करण्याचे सॉफ्टवेअर, मोफत दिले की बाहेरचे डेव्हलपर आपोआप येतात, असे म्हटले जाते; हा मुद्दा मला अर्धाच पटतो. निन्टेन्डोने २०१२ मध्ये ‘युनिटी’ हे इंजिन बनवणाऱ्या कंपनीशी करार करून आपल्या ‘वी यू’ या कन्सोलसाठी खेळ बनवणाऱ्यांना ते इंजिन वेगळे शुल्क न घेता दिले, तरीही हे यंत्र जेमतेम १ कोटी ३५ लाख विकले गेले आणि ग्राहकच नसल्याने मोठ्या स्टुडिओंनी पाठ फिरवली. निन्टेन्डोच्याच २०१७ च्या ‘स्विच’ या कन्सोलला मात्र युनिटी आणि अनरियल या दोन्ही इंजिनांचा आधार होता आणि ग्राहकही भरपूर मिळाले.

लातूरमध्ये आम्ही तिघे मित्र युनिटीवर मोबाइलसाठी छोटा खेळ करत होतो, तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. खेळ कोणत्या यंत्रासाठी तयार करायचा ते निवडण्याच्या, म्हणजे बिल्डच्या, खिडकीतील यादीत अँड्रॉइड निवडले की काम सुरू होते. कन्सोलसाठी लागणारा इंजिनाचा जोडभाग (मॉड्यूल) मात्र कन्सोल बनवणाऱ्या कंपनीने नोंदणीकृत डेव्हलपर म्हणून मान्यता दिल्याखेरीज उतरवूनच घेता येत नाही, शिवाय चाचणीसाठी डेव्हकिट, म्हणजे डेव्हलपरांसाठीचा खास कन्सोल, लागते ते निराळेच. कोड तोच, कलाकृती त्याच, आणि तरीही आम्ही यादीतील कन्सोलच्या त्या एका ओळीपाशी थांबलो. माझ्या मते लहान गावांतील मुलांसाठी इंजिनाच्या किमतीपेक्षा ही मान्यता सुलभ होणे अधिक महत्त्वाचे आहे.