मदत हवी आहे: जागतिक मानसिक आरोग्य आणि संशोधन-नीती, दोन्ही धरून करिअर होतं का?

नमस्कार. मानसशास्त्रातली माझी पीएचडी संपत आली आहे. पुढे जागतिक मानसिक आरोग्यातच काम करायचंय, पण मला त्यातले नैतिक प्रश्न जास्त अस्वस्थ करतात.

नैराश्य मोजणाऱ्या पीएचक्यू-९ प्रश्नावलीतला नववा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. कोणी ‘जवळजवळ रोज’ म्हणालं आणि आसपास मानसोपचारतज्ज्ञच नसेल, तर संशोधकाची जबाबदारी कुठवर? अभ्यास संपल्यावर त्या माणसाचं काय? माणसांवरच्या वैद्यकीय संशोधनाची नैतिक तत्त्वं सांगणारा हेलसिंकी जाहीरनामा (१९६४, ताजी सुधारणा २०२४) उपचाराच्या चाचणीनंतरच्या उपचारांची तरतूद आधीच करायला सांगतो. पण समुपदेशन म्हणजे गोळ्यांचा साठा नव्हे, ते देणारा माणूस लागतो, त्याचा पगार लागतो.

मार्गदर्शक म्हणतात, आधी चाचण्यांवर नाव कमव, नीतीचं नंतर बघ. मला हे मुळीच पटत नाही.

दोन्हींत काम करणारं कोणी आहे का इथे? पोस्टडॉक (पीएचडीनंतरचं संशोधन) कुठे केलंत, मानसशास्त्र विभागात की जैवनीतिशास्त्राच्या? नैतिक प्रश्नांचा गुणात्मक अभ्यास मोठ्या चाचणीच्या आतच बसवता येतो का, आणि त्याला निधी मिळतो? नीती समितीवरचा अनुभव प्राध्यापकपदाच्या निवडीत धरतात का, हेही कृपया सांगा.