पाण्यातलं फोंड्यू

फोंड्यू म्हणजे वाइनमध्ये वितळवलेल्या चीजचा स्विस पदार्थ. त्यात वाइनऐवजी पाणी "अजिबात चालणार नाही" असं सांगतात, ते ग्रुयेर या घट्ट स्विस चीजपुरतं खरं आहे. आंबटसर, कोरड्या पांढऱ्या वाइनमधलं आम्ल चीजमधलं कॅल्शियम ओढून घेतं, प्रथिनांची जाळी सैल होते आणि तूप सुटत नाही. नुसत्या पाण्यात ग्रुयेरचा चिवट गोळा होतो आणि वर तेल तरंगतं. पण स्वित्झर्लंडमधल्या फ्रिबुर्गमध्ये फक्त व्हाशरँ चीजचं फोंड्यू पाण्यातच करतात! व्हाशरँ मऊ असतं, अगदी मंद आचेवर विरघळतं. त्याला उकळी मात्र येऊ द्यायची नाही, उकळलं की फाटलंच.

दोन्ही चीज निम्मं-निम्मं घेणार असाल तर चौघांना 800 ग्रॅम चीज, साधारण 350 मिली वाइन आणि एक मोठा चमचा कॉर्नफ्लॉर पुरतं. कॉर्नफ्लॉर थंड वाइनमध्येच कालवा, गरम मिश्रणात कोरडं टाकलं तर गुठळ्या होतात. फाटायला लागलंच तर थोडा लिंबाचा रस घालून जोरात घोटा, बहुतेक वेळा सावरतं. शेवटी भांड्याच्या तळाला धरलेली खरपूस पापडी फेकू नका, स्वित्झर्लंडमध्ये तिला 'रलिज्यूझ' म्हणतात आणि ती सगळ्यांत वाटून खातात.

आणि फोंड्यू म्हणजे "गुराख्यांचं शेकडो वर्षं जुनं राष्ट्रीय जेवण" असंही सांगतात, ते पटत नाही. वाइनमध्ये चीज शिजवण्याची कृती झुरिकच्या 1699 च्या हस्तलिखितात, म्हणजे शहरात सापडते. राष्ट्रीय पदार्थ म्हणून त्याचा गाजावाजा 1930 च्या दशकात स्विस चीज युनियन या चीज-धंद्यातल्या संघटनेनं केला, चीज खपावं म्हणून.