गाडीच्या किल्लीतला सेल : कोणी कसा बदलला?

बटण चार वेळा दाबल्याशिवाय दार उघडत नसेल किंवा गाडीला अगदी खेटून उभं राहावं लागत असेल, तर बहुधा रिमोटचा सेल उतरलाय. काम घरी होण्यासारखं आहे, पण प्रत्येक किल्लीचं कवच उघडायची तऱ्हा वेगळी. तुमचं कुठे अडलं, कसं सुटलं, लिहा. सुरुवात मी करते.

माझ्या किल्लीला बाजूला छोटा खटका आहे. तो सरकवला की आतली साधी धातूची किल्ली बाहेर येते आणि तिच्या जागी कवचाचा जोड दिसतो. स्क्रूड्रायव्हरच्या टोकाला चिकटपट्टी गुंडाळून तिथे हलकेच पिळलं, टक्कन दोन भाग झाले. सेल काढण्याआधी फोटो घेतला, कारण अधिकची बाजू वर होती की खाली हे नंतर कोणालाच आठवत नाही.

*

सेलवरचा नंबर वाचा हो, नंबर! सीआर २०३२ म्हणजे व्यास २० मिमी, जाडी ३.२ मिमी. सीआर २०२५चा व्यास तेवढाच, जाडी मात्र २.५. दोन्ही ३ व्होल्टचे, म्हणून ‘चालतंय की’ म्हणत कोणीतरी आमच्या वडिलांच्या किल्लीत पातळ सेल बसवून दिला. तो आत हलायचा. रिमोट लहर लागली तर चालायचा. कागदाची घडी घालून जागा भरायचा सल्लाही मिळाला. असले उद्योग नकोत, योग्य सेल आणा.

*

आमची बटणाने चालू होणारी गाडी. भर पावसात किल्ली ठार मेली, आणि दाराला किल्लीचं भोकच दिसेना! ते हँडलवरच्या प्लास्टिकच्या टोपणाखाली लपलेलं होतं. आतल्या किल्लीने दार उघडलं तर भोंगा सुरू, सगळे बघायला लागले. मग ब्रेकवर पाय ठेवून किल्लीच स्टार्ट बटणाला टेकवली आणि दाबली. गाडी चालू, भोंगा गप्प. इमोबिलायझरची, म्हणजे खरी किल्ली ओळखल्याशिवाय गाडी चालू होऊ न देणाऱ्या यंत्रणेची, किल्लीतली चिप सेलवर चालत नाही, तिला लागेल तेवढी वीज गाडीतल्या कॉइलकडून मिळते. टेकवायची जागा प्रत्येक गाडीत वेगळी असू शकते, मॅन्युअल आत्ताच उघडून बघा.

*

माझा अनुभव जरा विचित्र. नवा कोरा सेल, मल्टिमीटरवर ३.२ व्होल्ट, तरी रिमोट ढिम्म. मुलांनी गिळू नये म्हणून काही सेलवर कडू लेप असतो, त्यामुळे काही उपकरणांत संपर्क नीट होत नाही. बिनलेपाचा सेल टाकला, लगेच चालला.

*

वरच्या प्रतिसादावरून : घरात लहान मूल असेल तर उतरलेला सेलही टेबलावर ठेवू नका. त्यात वीज उरलेलीच असते. अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून गंभीर भाजू शकतं. गिळल्याचा नुसता संशय आला तरी थेट हॉस्पिटल गाठायचं, उलटी करवायची नाही. मी दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून ई-कचऱ्यात देते.

*

सेल बदलल्यावर रिमोट गाडीशी पुन्हा जुळवावा लागला असं कोणी आहे का? माझा तसाच चालला, भावाच्या गाडीला मात्र मॅन्युअल बघून जुळवावा लागला.