अंगणात रंग, वास अन् खायला पण, अशी कोणती झाडं लावावीत? (परभणी, बोअरचं पाणी)

अंगणवाली_परभणी

नमस्कार सगळ्यांना. नवीन घर बांधलंय, समोर दहा बाय पंचवीस फुटाची जागा मोकळी सोडलीय अन् मागं कपडे वाळत घालायच्या तिथं थोडी. जमीन काळी, भारी, सध्या उन्हानं अशा भेगा पडल्यात की लेकरांच्या गोट्या आत जायलेत. पाणी बोअरचं, क्षाराचं, नळाच्या तोंडाला पांढरा थर बसतो. घराचं तोंड पश्चिमेला, म्हणजे दुपारी दोनपासून दिवस मावळेपर्यंत सगळं ऊन समोरच्या भिंतीवर.

सासूबाईंना देवाला फुलं पाहिजेत, मला संध्याकाळी ओट्यावर बसलं की वास यावा वाटतं, अन् आमच्या यांचं म्हणणं की पाणी घालायचंच तर त्यातलं काहीतरी ताटात आलं पाहिजे. तिघांचंही बरोबरच आहे.

मागच्या वर्षी भाड्याच्या घरात एका नर्सरीवाल्यानं सांगितलं म्हणून अनंत अन् चार कलमी गुलाब आणले होते, मे मधे एकेक करून सगळे गेले. अनंताची पानं आधी पिवळी झाली, शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या, मग कडा जळत आल्या. लई जीव लावला होता त्याला. म्हणून यंदा आधी विचारायलेय. मृग पंधरा दिवसांवर आलाय. धाकटी अडीच वर्षांची आहे, हाताला येईल ते तोंडात घालते, ते पण लक्षात घेऊन सांगा.

लातूरकर_काका

ताई, अनंत तुमच्या हातून नाही गेला, मातीनं अन् पाण्यानं गेला. आपल्या काळ्या जमिनीत चुनखडी असते, बोअरच्या पाण्यात पण तेच, अन् अनंताला आंबट माती लागते. चुना जास्त झाला की मातीत लोह असूनही मुळाला घेता येत नाही. पान पिवळं अन् शिरा हिरव्या ही त्याचीच खूण. तेव्हा अनंत, कलमी गुलाब, ते हायब्रीड मोठ्या फुलाचे जास्वंद हे आपल्याकडं सोडूनच द्यायचं.

मी झाड निवडताना एकच बघतो. रंग, वास अन् ताट या तिन्हीतली निदान दोन कामं करत असेल तर आणायचं, एकच करत असेल तर ते बिनपाण्याचं तरी निघालं पाहिजे. हे मला 2016 नं शिकवलं. मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं ते वर्ष, घरात प्यायला मोजून पाणी होतं, झाडाला कुठलं? भांडी धुतलेलं पाणी दिवसाआड एक तांब्या, बस. त्यात माझे गुलाब गेले, जाई गेली. राहिलं काय, तर कढीपत्ता, शेवगा, बोगनवेल, सदाफुली अन् मागचं सीताफळ. पाऊस पडल्यावर शेवग्याला आठ दिवसात पालवी आली, मी अन् बायको रोज सकाळी ते बघायला उठायचो.

तुमच्या जागेत सगळ्यात आधी ते पश्चिमेचं ऊन मोडा. नैऋत्येच्या कोपऱ्यात शेवगा लावा, सावली विरळ पडते, खालच्या झाडाला ऊनही मिळतं अन् भाजत पण नाही. फूल, पाला, शेंग तिन्ही खायचं. कंबरेएवढा झाला की शेंडा खुडा, दर वर्षी शेंगा संपल्या की छाटा, नाहीतर तीस फूट जातो अन् शेंगा शेजाऱ्याच्या गच्चीवर. फक्त दारापासून अन् लेकरं खेळतात तिथून लांब ठेवा, पावसाळ्यात खोडावर केसाळ अळ्या गोळा होतात, अंगाला लागल्या तर लई आग होते.

गावठी लाल जास्वंद, पाच पाकळ्यांचं साधं, ते घ्या. देवाला फूल झालं, पाकळ्यांचं सरबत होतं. अन् गोकर्ण ग्रिलवर सोडा. निळं फूल गरम पाण्यात टाकलं की पाणी निळं होतं अन् लिंबू पिळलं की जांभळं, लेकरं खुश. गोकर्णाला फार पाणी पण लागत नाही.

नांदेडची_मावशी

पोरी, अडीच वर्षांचं लेकरू आहे म्हणतेस तर आधी काय लावायचं नाही ते ऐक. कण्हेर अजिबात नको. रस्त्याच्या मधल्या दुभाजकात गुलाबी फुलं दिसतात ना, दिसायला छान, पाणी लागत नाही, म्हणून नर्सरीवाले आग्रह करतात, पण तिचं पान, फूल, काडी सगळं विषारी. पिवळी कण्हेर, जिला आपण बिट्टी म्हणतो, ती तर आणखी वाईट, तिच्या बियांनी माणसं गेलीत. घाणेरीची कच्ची फळं नकोत. रातराणीचा वास कितीही आवडला तरी तिची पांढरी बारकी फळं लेकराच्या हाती लागू नयेत, माझ्या मते पोरगी मोठी होईपर्यंत रातराणी नकोच. आणि गोकर्णाचं फूल चालतं, शेंग नाही, बी पोटात गेलं की जुलाब होतात, शेंगा वाळायच्या आत खुडत जा.

वासासाठी मोगरा अन् पारिजातक, दुसरं काही बघू नको. पारिजातकाचा सडा सूर्य वर यायच्या आत पडलेला असतो, खाली एक धुतलेली साडी अंथरून ठेव, सासूबाईंना परडीभर फुलं न तोडता मिळतील.

अन् मृगात एका वाफ्यात अंबाडी फेक. मला कुणी म्हणलं की एकच झाड लाव तर मी अंबाडी लावीन. श्रावणात पाला खुडायला येतो, त्यात मूठभर तुरीची डाळ अन् ज्वारीच्या कण्या टाकून भाजी शिजवायची, वरून लसणाची फोडणी लाल मिरची घालून, भाकरीवर खड्डा करून तेल. थंडी पडायला लागली की फिकट पिवळी फुलं येतात, मधोमध लाल ठिपका. मग लाल बोंडं, त्यांचं सरबत, चटणी. रंगही आला अन् ताटही.

अंबाजोगाईचा_बालाघाट

मागच्या जागेत सीताफळ लावा. इकडं डोंगरात ते आपोआप येतं, बीडच्या सीताफळाला जीआय मानांकन (त्या भागाची खास ओळख म्हणून मिळणारा शिक्का) पण आहे. उन्हाळ्यात पान गाळून गप बसतं, पाणी मागत नाही, शेरडं पण तोंड लावत नाहीत. धारूर-6 किंवा बालानगरचं कलम मिळालं तर बघा, धारूर-6 आमच्या अंबाजोगाईच्याच संशोधन केंद्राचं. फूल लागतं पण फळ धरत नाही अशी तक्रार बरेच जण करतात, त्याचं कारण असं की एकाच फुलात मादीचा भाग आधी तयार होतो अन् पराग नंतर सुटतो, दोघांची वेळ जुळत नाही. मी पूर्ण उमललेल्या फुलाचे पराग कागदावर झाडून घेतो अन् अर्धवट उघडलेल्या फुलात बारक्या ब्रशनं लावतो. जून-जुलैत रोज दहा मिनिटं. बिया मात्र लेकरांपासून लांब, त्याची पूड डोळ्यात गेली तर डोळ्याला मोठी इजा होते.

गच्चीतला_माळी (छत्रपती संभाजीनगर)

पाण्याबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितोय. आरओचं वाया जाणारं पाणी झाडाला घालू नका, त्यात बोअरपेक्षा जास्त क्षार असतात. एसीचं पाणी चांगलं, त्यात क्षार नसतातच जवळपास. कुंडीच्या काठावर पांढरं दिसलं की रोज थोडं थोडं पाणी द्यायचं बंद करून एकदाच भरपूर द्या, खालच्या भोकातून वाहून जाऊ दे, पावसाच्या पहिल्या दोन-चार सरीत कुंड्या उघड्यावर ठेवल्या तर उत्तमच. जमिनीत काळ्या मातीत नुसता खड्डा करून झाड लावलं तर पावसाळ्यात त्यात पाणी तुंबतं अन् मूळ कुजतं, त्यामुळं वाफा नऊ इंच वर उचला, मुरूम अन् शेणखत मिसळा. वर सोयाबीनचं भुसकट पसरा चार बोटं, भेगा पडत नाहीत.

भाजीत भेंडी लावणार असाल तर परभणी क्रांती हे वाण, तुमच्याच कृषी विद्यापीठाचं. केवडा रोगाला, म्हणजे पानं पिवळी पडतात त्याला, सहसा दाद देत नाही. विद्यापीठात बियाण्याची चौकशी करा, 18 मे ला तर वर्धापन दिनाच्या मेळाव्यात विक्रीच असते, यंदाचा गेला.

अंगणवाली_परभणी

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी. सासूबाईंना वाचून दाखवलं, अंबाडीचं ऐकून त्या लगेच बी शोधायला लागल्या. कण्हेर तर मी आणणारच होते, बरं झालं विचारलं.

मावशी, एक सांगा, आईकडं परतूरला मोगरा आहे पाच वर्षांचा, झाड डेरेदार, हिरवंगार, पण फुलं दहा-बारा येतात फक्त. त्याचीच फांदी आणावी की नवीन घ्यावा?

नांदेडची_मावशी

त्याचीच आण, झाडात दोष नाही. छाटत नसाल तुम्ही. मोगऱ्याला फूल नव्या फुटीवर येतं, जुन्या काडीवर नुसती पानं. डिसेंबरच्या शेवटी पाणी तोडायचं, पंधरा दिवसांनी झाड मलूल दिसलं की जीव घट्ट करून गुडघ्याएवढं कापायचं, राहिलेली पानं पण ओरबाडून काढायची. मुळाजवळची माती उकरून दोन-तीन दिवस उन्हं लागू द्यायची, मग दोन घमेली शेणखत अन् भरपूर पाणी. फेब्रुवारीच्या शेवटी प्रत्येक काडीला तीन-तीन कळ्यांचे तुरे दिसतील. एक बहर संपला की शेंडे खुड, पुन्हा येतो. ऊन निदान सहा तास पाहिजे, शेवग्याच्या अगदी बुडाशी लावू नको. काडी आता पाऊस लागल्यावर लाव, पेन्सिलीएवढी जाड, दोन डोळे मातीत गेले पाहिजेत.

लातूरकर_काका

मावशींचं मोगऱ्याचं अगदी बरोबर. ताई, एक राहिलं. मागच्या दारी, भांड्याचं पाणी जातं तिथं अळू अन् गवती चहा लावा, पण अळू नर्सरीतून नको, ज्यांच्या घरी वडी करतात त्यांच्याकडूनच कंद आणा. शोभेचं अळू दिसायला तसंच असतं अन् घसा धरतो, लेकराला तर लई त्रास होतो. परभणीत कुणी देत नसेल तर कळवा, पाऊस सुरू झाला की मी लातूरहून एसटीत पाठवतो.