मदत हवी आहे : मुलुंडहून हैदराबादला जावं का? (औषध कंपनीतली नोकरी, मुलगी यंदा दहावीत जाणार)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचते, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबलं तर सांभाळून घ्या.

मी औषध कंपनीत रेग्युलेटरी विभागात आहे. गोळी एखाद्या देशात विकायची तर तिथल्या औषध खात्याला हजारो पानांचं डोसिअर द्यावं लागतं. ते जुळवायचं, त्यांच्या शंका आल्या की उत्तरं मिळवून पाठवायची, हे माझं काम. ऑफिस अंधेरी पूर्वेला. लोकलने घाटकोपर, तिथून मेट्रो. सकाळी घाटकोपरच्या पुलावर काय होतं ते मुंबईकरांना सांगायला नको.

हैदराबादहून ऑफर आली आहे. आत्ता सीटीसी (म्हणजे कंपनी वर्षाला माझ्यावर करते तो एकूण खर्च) 18 लाख, तिकडे 25. आकडा ऐकून घरी पेढे आणायच्या गोष्टी झाल्या. मग मी वही घेऊन बसले. वाढलेल्या सात लाखांतले दीड लाख व्हेरिएबल, म्हणजे मिळाले तर मिळाले. कंपनीचा पीएफ आणि ग्रॅच्युइटी सीटीसीतच धरलेली, ते पन्नासेक हजार गेले. उरलेल्यावर नव्या करप्रणालीत 20 आणि 25 टक्क्यांचे टप्पे लागतात. माझ्या वाट्याचा पीएफही वाढणार. हातात महिना जेमतेम तीस हजार जास्त येतात. मी एकटी गेले तर तिथलं भाडं, जेवण आणि मुंबईच्या फेऱ्या यात ते संपतात. म्हणजे पैशासाठी जायचं तर सगळं घर हलवायला हवं, आणि घर हलणार नसेल तर पैसा हे कारणच उरत नाही.

घर हलणं अवघड आहे. नवरा महापालिकेत, त्याची बदली राज्याबाहेर होणं शक्यच नाही. सासूबाई 74 वर्षांच्या, गुडघे गेलेले, पण मुलुंडच्या भाजीवाल्यापासून डॉक्टरांपर्यंत सगळे त्यांना नावाने ओळखतात. मुलगी नववीत, स्टेट बोर्ड, सेमी इंग्लिश. तिला मेडिकलला जायचंय (आजपुरतं तरी). नणंदेने सुचवलंय की मुलीला माझ्याबरोबर न्यावं, तिकडच्या सीबीएसई शाळेत घालावं आणि सासूबाईंकडे नवऱ्याने बघावं. मला ते तितकंसं पटत नाही, पण नाही म्हणायला ठोस कारणही सापडत नाहीये.

मग जायचंच कशाला? कारण आमच्या धंद्याचं खरं काम मुंबईतून कधीच निघून गेलंय. माझ्या लहानपणी एलबीएस रोडला मुलुंड-भांडुपच्या पट्ट्यात कारखाने होते. आज तिथे टॉवर आणि मॉल आहेत. 2003 मध्ये हिमाचल आणि उत्तराखंडला उत्पादन शुल्कात सूट मिळाली आणि औषधवाल्यांची बद्दीकडे रांग लागली. हैदराबादची गोष्ट त्याहून जुनी. तिथे आयडीपीएल या सरकारी कंपनीचा मोठा कारखाना होता. तिथे शिकलेल्या लोकांनी बाहेर पडून आपापल्या कंपन्या काढल्या आणि शहराभोवती बल्क ड्रगचा, म्हणजे औषधांच्या मूळ रसायनांचा, पट्टा उभा राहिला. मुंबईत मुख्यालयं राहिली, वितरण राहिलं आणि आमच्यासारखे कागदवाले राहिले.

अमेरिकेच्या एफडीएची (तिथल्या औषध खात्याची) शंका आली की मी प्लांटला मेल टाकते. तिकडून चार दिवसांनी अर्धवट उत्तर येतं. मी परत विचारते, ते परत अर्धवट सांगतात. स्टॅबिलिटीचा (औषध किती टिकतं त्या चाचणीचा) एखादा आकडा का घसरला हे मला कधी डोळ्यांनी दिसत नाही. मी पोस्टमन झालेय. वर जाणारी माणसं प्लांटच्या किंवा आर अँड डीच्या जवळ बसलेली असतात, हे मी आमच्याच कंपनीत पाहते आहे. वय 41. आणखी चार-पाच वर्षांनी मला असं कोण बोलावणार?

दोन वर्षं एकटीने जायचं, महिन्यातून दोनदा यायचं, हुसेनसागर एक्स्प्रेस नाहीतर विमान, असा एक विचार आहे. त्यावर घरातल्या मोठ्यांचा एकच प्रश्न : मुलीची दहावी आणि आई घरात नाही? नवरा गेला असता तर हा धागा निघालाच नसता, हे मला माहीत आहे. त्यावर चर्चा हवी असेल तर कृपया वेगळा धागा काढा, इथे मला व्यवहाराचं सांगा.

कोणी असं एकटं राहून आलं आहे का? परत येताना मुंबईत त्या दर्जाची जागा मिळाली का, की तिकडेच अडकलात? आणखी एक. सध्याच्या कंपनीत जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाच वर्षं पूर्ण होतात. नोटीस 90 दिवसांची आहे. तिकडची एचआर मात्र मेच्या सुरुवातीलाच या म्हणून मागे लागली आहे, लवकर सोडायचे पैसे आम्ही भरू म्हणते.

प्रतिसाद :
ताई, मुलीला नेऊ नका, ठोस कारण मी देतो. महाराष्ट्रात मेडिकलच्या राज्य कोट्यासाठी अधिवास तर लागतोच, शिवाय दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेली लागते. सरकारी कॉलेजातल्या 85 टक्के जागा याच कोट्यातल्या. काही सरकारी नोकरांच्या मुलांना सवलती आहेत, पण आई खासगी नोकरीसाठी बाहेर गेली हे त्यात बसत नाही. सीईटी सेलची माहितीपुस्तिका उघडून नणंदबाईंना दाखवा. माझ्या भाच्याच्या वेळी आम्ही ती फार उशिरा वाचली. शिवाय तेलंगणात 2018 च्या कायद्याने शाळेत तेलुगू सक्तीची आहे. दहावीच्या वर्षात नवी लिपी कशाला?

प्रतिसाद :
मेच्या सुरुवातीला अजिबात जाऊ नका, पाच वर्षं भरली नाहीत तर ग्रॅच्युइटी अडकू शकते. नोटीसचे दिवस तुम्ही कामावर असाल तर सेवेतच धरले जातात. राजीनामा मार्चच्या मध्यावर टाका, शेवटचा दिवस पाच वर्षांच्या पुढे जाईल असा मोजून घ्या आणि तारीख लेखी घ्या. ग्रॅच्युइटी म्हणजे ढोबळमानाने शेवटचं महिन्याचं बेसिक गुणिले 15 भागिले 26 गुणिले वर्षं. बेसिक 60 हजार धरलं तर पावणेदोन लाखांच्या घरात जाते. एचआरला इतकीच घाई असेल तर तेवढी रक्कम जॉइनिंग बोनस म्हणून मागा. तो बोनस वर्षाच्या आत सोडलं तर परत द्यावा लागतो का, हेही वाचा. बहुतेक द्यावा लागतो.

प्रतिसाद :
मी मूळची डोंबिवलीची, हैदराबादला क्वालिटीत आहे. तुम्ही लिहिलेलं सगळं पटलं, पण मुख्य गोष्ट लिहिलीच नाहीत. तुमची जागा नक्की कुठे आहे? पाशमैलारम, जीडीमेटला, बोल्लारम अशा औद्योगिक भागातल्या कुठल्या युनिटमध्ये असेल तर या, डोळे उघडतील. पण रेग्युलेटरीची टीम हायटेक सिटीच्या काचेच्या इमारतीत बसत असेल तर तुम्ही तिथूनही प्लांटला मेलच टाकणार. फक्त मराठीऐवजी हिंदीत कुरकुर कराल. आणि युनिटला असाल तर घर त्या बाजूलाच बघा, हायटेक सिटीजवळच्या गच्चीबोलीला स्वस्त वाटलं म्हणून घेऊ नका. परतीचं म्हणाल तर प्लांटचे ऑडिट पाहिलेल्या माणसाला मुंबईत मागणी असते. आमच्याकडून दोघी परत गेल्या, एक गोरेगावला आणि एक ठाण्याला, दोघीही वरच्या पदावर.

धागाकर्ती :
सगळ्यांचे मनापासून आभार. मेडिकलचा नियम नवऱ्याला वाचून दाखवला, मुलीला नेण्याचा विषय घरात संपला. नणंदेला फोन तोच करणार आहे.

डोंबिवलीच्या ताई, ऑफर लेटर परत काढून बघितलं. कामाचं ठिकाण : "हैदराबाद". एवढंच. मुलाखत व्हिडिओवर झाली, त्यामुळे टीम कुठे बसते ते माझ्याकडून विचारलंच गेलं नाही. सोमवारी एचआरला तीन गोष्टी लेखी विचारतेय : टीम कुठे बसते, आठवड्यातले किती दिवस युनिटला, आणि मुलीच्या फेब्रुवारी-मार्चच्या परीक्षेत सहा आठवडे मुंबईच्या ऑफिसातून काम करता येईल का. रुजू व्हायची तारीख जूनचा तिसरा आठवडा, हे मी विचारणार नाही, कळवणार आहे. टीम युनिटला असेल तर जाईन म्हणते. उत्तर आलं की इथे लिहिते.