मदत हवी आहे : पावसाळ्यात मिनिएचरना प्रायमर कसा द्यावा?

नमस्कार. मी नाशिकच्या इंदिरानगर भागात राहतो आणि ‘वॉरहॅमर एज ऑफ सिग्मार’ या टेबलावर खेळायच्या युद्धखेळासाठी प्लॅस्टिकच्या मिनिएचर (योद्ध्यांच्या छोट्या मूर्ती) जोडून रंगवतो. हवा दमट असताना स्प्रे प्रायमर (रंगाआधी द्यायचा अस्तराचा थर) मारला, तर भुकटीसारखा खरखरीत थर बसून चिलखतावरचे बारीक कोरीवकाम बुजण्याची भीती असते, आणि जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे सलग कोरडी हवा मिळणे कठीणच. त्यामुळे ब्रशने लावायचा अ‍ॅक्रिलिक प्रायमर घ्यावा, की एअरब्रश (हवेच्या दाबाने रंग फवारणारे साधन) व त्याला हवा पुरवणाऱ्या कॉम्प्रेसरचा खर्च करावा, याबाबत अनुभवी सभासदांनी कृपया मार्गदर्शन करावे. माझा कल ब्रशकडे आहे. मात्र त्याने सपाट ढालींवर फटकाऱ्यांच्या रेषा उरतात का, आणि रंगवण्यापूर्वी तो किती तास वाळू द्यावा? शहरात कोणी हा खेळ खेळत असल्यास तेही कळवावे.