मदत हवी आहे : ज्वारीवरून उसातील जनुकाचे कार्य कसे ठरवावे?

नमस्कार. मी कोल्हापुरात वनस्पतिशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेत असून उसातील साखर साठवणुकीशी संबंधित जनुकांवर प्रकल्प करत आहे. ज्वारी ही उसाची जवळची नातलग, तिच्यात गुणसूत्रांच्या केवळ १० जोड्या आणि तिचा जनुकसंच (संपूर्ण डीएनएचा क्रम) २००९ मध्येच प्रसिद्ध झालेला, म्हणून तुलनेसाठी मी तीच निवडली. परंतु लागवडीच्या उसात १०० हून अधिक गुणसूत्रे असल्याने ज्वारीतील एकेका जनुकाच्या अनेक प्रती समोर येतात. केवळ डीएनएच्या क्रमातील साम्यावरून जनुकाचे कार्य गृहीत धरणे मला धोक्याचे वाटते, कारण दुप्पट झालेल्या जनुकाची एखादी प्रत कालांतराने वेगळेच काम करू लागते किंवा निकामीही होते. अशा वेळी शेजारच्या जनुकांची जुळणी (दोन्ही पिकांत त्या जनुकाच्या आजूबाजूला तीच जनुके आहेत का) आधी तपासावी की पक्व कांड्यांमधील अभिव्यक्ती (तिथे ते जनुक किती सक्रिय आहे)? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.